उलटा फेरा

डॉक्टर म्हणाले, "चढा हवं तर, उतरू नका." हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मीही हसलो, कारण बाहेर बाकावर निम्मं धुळं गुडघे धरून बसलं होतं आणि आत वाद घालायला वेळ नव्हता. पण दवाखान्याचा जिना उतरताना डोक्यात तिडीक गेली. चढलेला माणूस उतरणार नाही तर काय वरच घर बांधून राहील? डाव्या गुडघ्यातली गादी झिजली होती. जानेवारीत ऑपरेशन ठरलं. त्यानंतर डोंगर बंद, आणि तेही कायमचे.

म्हणजे माझ्या हातात फक्त डिसेंबर उरला होता.

मी भूगोलाचा मास्तर. समोच्च रेषा शिकवायच्या झाल्या की सव्वीस वर्षं मी फळ्यावर एकच डोंगर काढत आलो. पिंपळनेरच्या पुढे, घोड्याच्या नालेसारखी वळलेली एक धार आहे. नालेच्या उघड्या तोंडाशी एक लहान गाव. गावातून उजव्या हाताच्या सोंडेने वर चढायचं, धारेवरून गोल फिरायचं आणि डाव्या हाताच्या सोंडेने पुन्हा त्याच गावात उतरायचं. रेषा जवळजवळ असतील तर चढ उभा, लांब लांब असतील तर उतार सावकाश, हे पोरांना समजवायला इतका चांगला डोंगर दुसरा नाही. उजव्या सोंडेवर रेषा एकमेकींना चिकटलेल्या, डाव्या सोंडेवर ऐसपैस पसरलेल्या. किती वर्गांनी तो डोंगर वहीत उतरवला असेल, देव जाणे. आणि मी त्याच्यावर एकदाही पाय ठेवलेला नव्हता. दर वर्षी ठरायचं, दर वर्षी मोडायचं. निवडणुकीचं काम, कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, कोणाचा कापूस.

या वेळी मी मोडू देणार नव्हतो. वाट ठरवताना एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे उतार. चढताना माझा गुडघा फारशी कुरकुर करत नाही, उतरताना मात्र प्रत्येक पावलाला सुरी फिरते. म्हणून उभ्या उजव्या सोंडेने चढायचं आणि ऐसपैस डाव्या सोंडेने उतरायचं. हे कारण मी कोणालाही सांगितलं नाही. ऑपरेशनचं कळलं असतं तर मित्रांनी मला घरातूनच निघू दिलं नसतं. बायकोलाही बजावून ठेवलं होतं की तोंडातून शब्द काढायचा नाही.

मित्र दोघंच. कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो, तेव्हापासूनचे. एकाचं जळगावला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दुसरा दोंडाईच्याजवळच्या खेड्यात शेती करतो. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारतो, जळगाव आणि दोंडाईचा. धुळ्याचा म्हणून मला धुळे म्हणायला हवं, पण मला मास्तर म्हणतात. आमचा तेव्हापासूनचा एक नियम आहे: तिघं गेलो तर तिघंच परत यायचं, मध्ये कोणी एकटं सुटायचं नाही. नियम चांगला आहे. त्या दिवशी त्याच नियमाने माझा गळा धरला.

सकाळी सहाला साक्रीच्या स्टँडवर भेटायचं ठरलं होतं. जळगाव आदल्या रात्रीच गाडी घेऊन माझ्याकडे आला होता, त्यामुळे आम्ही पावणेसहालाच हजर. दोंडाईचा मोटरसायकलवरून उगवला सव्वासातला. रात्रीची लाईट होती, हरभऱ्याला पाणी धरलं होतं, डोळा लागला नाही, असं म्हणाला. डोळे खरंच लाल होते, म्हणून मी गप्प बसलो. त्याची मोटरसायकल एका ओळखीच्या दुकानापुढे लावून आम्ही निघालो. पिंपळनेरला त्याने गाडी थांबवायला लावली. चहाला असेल म्हणून मी सोडून दिलं, तर हा किराण्याच्या दुकानासमोर उभा राहून कानाशी नारळ हलवून बघतोय. एक, दुसरा, तिसरा. नमनाला घडाभर तेल. मी म्हटलं, डोंगर चढायचा आहे, सत्यनारायण घालायचा नाही. त्याने पैसे दिले, नारळ पिशवीत टाकला आणि गाडीत येऊन बसला.

जळगावचं ओझं निराळंच होतं. केळीची एक अख्खी फणी, भरताचा डबा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर शेव. पाण्याच्या बाटल्या मात्र दोनच. मी सहा लिहून पाठवल्या होत्या. तो म्हणाला, केळीत पाणीच असतं. असल्या माणसांबरोबर मला माझा शेवटचा डोंगर चढायचा होता.

गावातल्या शाळेच्या भिंतीला गाडी लावून आम्ही उजव्या सोंडेला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. चढ माझ्या फळ्यावरच्यासारखाच उभा निघाला. सुकलेलं गवत, खाली सुटा मुरूम, पाय टाकला की अर्धा पाय मागे. मला आनंद होत होता आणि तो लपवावा लागत होता, कारण जळगाव दर दहा मिनिटांनी बसत होता. बसला की केळं सोलायचा. दोंडाईचा कधी नव्हे ते माझ्या मागे चालत होता. शेतकरी माणूस, एरवी आम्हाला मागे टाकून पुढे जाऊन बिडी ओढत बसणारा. मी त्याला दोनदा म्हटलं की पुढे हो. तो नुसता हूं म्हणाला. त्याच्या पिशवीतला नारळ पाण्याच्या बाटलीवर आपटून टकटक वाजत होता आणि तो आवाज माझ्या डोक्यात बसला होता.

साडेअकराला धारेवर आलो. तिथून पुढचा तास मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवसातला तेवढाच माझा होता. दोन्हीकडे उतार, मध्ये बैलगाडीच्या वाटेएवढी रुंद धार, आणि पुढे ती हळूहळू डावीकडे वळत गेलेली. मी नकाशा काढला. पहिलं शिखर, मग बसका भाग, मग दुसरं शिखर, सगळं जिथल्या तिथे होतं. सव्वीस वर्षं जे खडूने काढलं ते पायाखाली येत होतं आणि चुकत नव्हतं. मी जळगावला बोटाने दाखवायला लागलो तर तो म्हणाला, मास्तर, इथे तरी परीक्षा घेऊ नको.

साडेबाराच्या सुमारास आम्ही नालेच्या मागच्या खिंडीत पोचलो. निम्मा फेरा झाला होता. तिथे एक म्हातारा शेळ्या चारत बसला होता. कपाळावर आडवा हात धरून त्याने आम्हाला येताना पाहिलं असावं. आम्ही राम राम करून बसलो, जळगावने त्याला भाकरी आणि भरीत दिलं. दोंडाईचा त्याला आबा म्हणून विचारायला लागला की इथला देव कुठल्या शिखरावर आहे, आम्हाला तर दोन्ही शिखरांवर काहीच दिसलं नाही. म्हाताऱ्याने भाकरीच्या तुकड्याने खाली दरीकडे दाखवलं. नालेच्या अगदी मध्ये एक उंचवटा होता, त्यावर एकच मोठं झाड आणि झाडाच्या बुडाशी लाल ठिपका. गावातली माणसं वर्षातून एकदा धारेवरून त्याला फेरा घालतात, तो म्हणाला. मग त्याने आमच्याकडे नीट पाहिलं, आम्ही कुठल्या सोंडेने आलो ते विचारलं आणि म्हणाला, "देव डावा हातले ठेवीसन फिरी ऱ्हायनात तुम्ही. हाऊ तं उलटा फेरा शे."

आमच्यात माणूस गेल्यावर असं फिरतात, असंही त्याने पुढे सहज सांगितलं, आणि भरतात मिरची कोणती घातली ते जळगावला विचारायला लागला.

दोंडाईचाचा चेहरा उतरला. मी त्याला तीस-बत्तीस वर्षं ओळखतो. गारपिटीत उभा गहू झोपला तेव्हाही त्याचं तोंड असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी आते पुढे नही येस."

मला आधी ती गंमत वाटली. मग कळलं की गंमत नाही. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आपण कुठे देवाला फेरा घालायला आलोय, आपण डोंगर फिरायला आलोय. तो म्हणाला, फेरा तो फेराच. मी म्हटलं, तुला माहीतच नव्हतं तर दोष कसला. तो म्हणाला, आता माहीत झालं ना. माझं घर बौद्ध. नवस-सायास, अंगारे-धुपारे हे शब्द माझ्या वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवले ते पुन्हा आत आले नाहीत. हे त्याला ठाऊक आहे आणि आजवर त्यावरून आमच्यात कधी वाकडा शब्द नाही. पण त्या दिवशी मी नको ते बोललो. म्हटलं, दगडाला शेंदूर फासला की तुमचं डोकं गहाण पडतं. तो शांतपणे म्हणाला, विहारात तुम्ही पण बुद्धाला फिरताच की, कोणत्या हाताने फिरता? खरं तर आम्हीही बुद्ध उजव्या हाताला ठेवूनच फिरतो.

जळगावने तोडगा काढला. तो म्हणाला, आपण पाठमोरे चालू, म्हणजे देव आपोआप उजवीकडे येईल. सांगायला लाज वाटते, पण दोंडाईचाने यावर खरोखर विचार केला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, देव तोंड बघत नाही, पाय कुठे चालले ते बघतो. तोही मार्ग संपला.

मग मी म्हटलं, तुम्ही जा, मी एकटा फेरा पुरा करून गावात भेटतो. दोघांनीही एकदम मान हलवली. तिघं तर तिघंच. मी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. समोर डावी सोंड दिसत होती. नकाशावरच्यासारखीच सावकाश, लांब, एखाद्या आळशी म्हशीसारखी खाली पसरलेली. तिथून मी दुखण्याशिवाय उतरलो असतो. दीड तासाची वाट उरली होती. खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं: माझ्या पायाला दुसरीकडून उतरता येणार नाही. पण ते सांगायचं म्हणजे यांना फसवून इथवर आणलं हेही सांगायला हवं होतं. आणि नंतर दोघं जसे बघतील ते मला सोसलं नसतं. मी उन्हाचं कारण दिलं, पाण्याचं दिलं. पाण्याचं निघाल्यावर जळगावने शेवटचं केळं माझ्यापुढे धरलं.

म्हाताऱ्याने खिंडीतून खाली दाखवलं. बाया मोळ्या घेऊन जातात ती वाट थेट देवापाशी उतरते आणि तिथून गाव जवळ. ती वाट मला माहीत होती. नकाशावर तिथे रेषा इतक्या चिकटलेल्या आहेत की शाई सांडल्यासारखं दिसतं. पोरांना मी ती जागा दाखवून विचारायचो, इथून कोण उतरेल? पोरं एका सुरात म्हणायची, कोणीच नाही. मी नकाशाची घडी घातली आणि म्हटलं, चला.

पहिल्या पन्नास पावलांतच गुडघ्याने तोंड उघडलं. मी दात आवळून उतरत होतो. दोंडाईचा आता माझ्या पुढे होता, पण त्याचं उतरणं विचित्र होतं. अर्धा माझ्याकडे वळून, आडवा पाय रोवत, एक हात मोकळा ठेवून तो उतरत होता. "पाय आठे ठेव," तो म्हणायचा, आणि दगड आपल्या पायाने दाबून दाखवायचा. बत्तीस वर्षांत त्याने मला पाय कुठे ठेवायचा ते कधी सांगितलं नव्हतं. मी खेकसलो की मी काय लहान आहे का. त्याने पुढचा दगड दाबला.

निम्म्या वाटेवर माझा डावा पाय गेला. पडलो नाही, कारण त्याने दंड धरला, पण बसलो तो बसलोच. विजारीच्या आत गुडघा भोपळ्यासारखा फुगत चाललेला मला कळत होता. जळगाव वरून घाईने यायला लागला, आणि दोंडाईचाने त्याला हाताने खूण केली, सावकाश. मग माझी सॅक काढून आपल्या खांद्यावर घेतली. एवढं सगळं तो असा करत होता की जणू कधीपासून ठरवूनच आलाय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

"वहिनीनी," तो म्हणाला.

दिवाळीनंतर माझ्या बायकोने त्याला फोन केला होता. यांना अडवा, म्हणाली. तो म्हणाला, अडवलं तर मास्तर एकटा जाईल, त्यापेक्षा मी सोबत जातो. त्याच्याकडे कापूस वेचायला साक्रीकडची माणसं येतात. त्यांच्यातल्या एका अक्काने सांगितलं की त्या डोंगरातल्या देवाला धारेवरून फेरा घातला की हाडांचं दुखणं उतरतं. देव कुठे आहे ते त्याने विचारलं नाही. डोंगरात म्हणजे डोंगरावर असणार, वाटेत लागेल, असं तो धरून चालला, आणि वाट ठरवणं मास्तरचं काम म्हणून माझ्या मागे मागे चालत राहिला.

"नवस तुना गुडघाना शे," तो म्हणाला. "उलटा कसा फिरू?"

अशा वेळी माणसाचं मन भरून यावं. माझं नाही आलं. मला रागच आला. ज्या गुडघ्यासाठी मी ती वाट निवडली, त्याच गुडघ्यासाठी त्याने ती मोडली. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली आणि दोघांनी मिळून माझा डोंगर घालवला. त्याला नवस बोलायला कोणी सांगितलं होतं? आणि मला तोंड उघडायला काय झालं होतं? खिंडीत मी एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं, हे मी त्या दगडावर बसून किती वेळ उगाळलं कोण जाणे. म्हटलं, तू मूर्ख आहेस. तो म्हणाला, हो. मग म्हणाला, ऊठ आता, ऊन उतरायला लागलं.

खाली झाडापाशी पोचायला चार वाजले. शेंदूर लावलेले पाच-सहा दगड, वाळलेली फुलं, एक तुटकी घंटा. जळगावने पायातले बूट काढले आणि नारळ फोडून घे, भूक लागली, म्हणून सांगितलं. दोंडाईचाने पिशवीतून नारळ काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पिशवीत ठेवला. "फेराच नही व्हयना, नारळ कसा फोडू?" म्हणाला. साक्रीपर्यंत गाडीत फक्त नारळ टकटकत होता.

जानेवारीत ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मी चालतो, शाळेत जातो, जिना कठड्याला धरून उतरतो. डोंगराचं मी डॉक्टरांना पुन्हा विचारून पाहिलं. ते या वेळी हसले नाहीत. फळ्यावर नाल काढायचं मात्र सोडवलं नाही. एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही इथे गेलात का? मी म्हटलं, निम्मा. वर्ग हसला.

पुढच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी फोन आला. दोंडाईचा त्या गावातून बोलत होता. जळगाव शाळेच्या भिंतीला गाडी लावून आत बसलाय आणि मी निघालो, म्हणाला. डाव्या सोंडेने. आपल्या नियमाचं काय, विचारलं तर म्हणाला, तिघं आलोच कुठे. नारळ कुठला, विचारलं तर तोच. वर्षभर त्याने तो घरात आढ्याला टांगून ठेवला होता. पाणी आटून आतल्या आत गोटा झाला होता. फोनशी धरून त्याने तो मला वाजवून दाखवला.

मी नकाशा मांडीवर पसरून बसलो. उंटावरून शेळ्या हाकायला मला पूर्वी आवडायचं नाही, पण त्या दिवशी हाकल्या. धारेवर रेंज यायची तेव्हा तो फोन करायचा. मी सांगायचो, आता धार वळेल, उजव्या अंगाने चाल. तो म्हणायचा, उजवीकडे काटे आहेत, मी डावीकडून आलो. मी ओरडायचो. बायको स्वयंपाकघरातून बघायची आणि परत आत जायची. खिंडीत रेंज गेली. पुढचे दोन तास मी बोट नकाशावर ठेवून बसून होतो, कुठे असेल याचा अंदाज घेत. कॉलेजात याचे नकाशाचे कागद मी पुरे करून द्यायचो. याला समोच्च रेषा म्हणजे काय ते आजही सांगता येणार नाही. आणि सव्वीस वर्षांचा माझा डोंगर हा फिरत होता, तेही उभ्या सोंडेने खाली उतरायला, कारण सुलट फेरा तिथूनच संपतो. तिथे उतरताना काय होतं ते मला माहीत होतं. मला त्याचा राग येत होता आणि त्याची काळजी वाटत होती, आणि दोन्हीतलं काही कमी होत नव्हतं.

चारच्या पुढे फोन वाजला. त्याला धाप लागली होती. उतरून, देवाला नारळ फोडून तो गाडीपाशी आला होता.

"व्हयना तुना फेरा," तो म्हणाला.

माझा कसा, असं मला विचारायचं होतं. पाय कोणाचे होते? हे मी सकाळी फोन आल्यापासून तयार ठेवलेलं वाक्य होतं. त्याऐवजी विचारलं, उतरताना कुठे धरलं का.

"गुडघा धरायना," तो म्हणाला. "डावा. तुना शे तोच."

मागे जळगावचं हसणं ऐकू आलं. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं, आज बर्फ लाव, रात्री उशी घेऊन पाय वर ठेव, आणि उद्यापासून चढ हवं तर, उतरू नको.